लोखंडाला आवतण

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. तिकडे उंबरठ्यावर बसून ऐकायची ही गोष्ट नाही, आणि मोठ्यानं सांगायचीही नाही. पोळा येतो आणि जातो, तुमचा पत्ता नसतो. फोनवर "मावशी, बरी आहेस ना?" एवढं विचारलं की तुमची माया संपली. असू द्या. आलात, आता बसा. तर अकोल्यापासून अमरावतीपर्यंत अख्ख्या वऱ्हाडात लोखंडाला जेवायला बोलावणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या धाकटीचा नवरा. बोलावणारे वेडे आणखीही निघतील हो. पण ह्यांच्याकडे ते जेवायला आलं.

धाकटी म्हणजे माझी लहान बहीण. तिच्या नवऱ्याला मी जवाईबुवा म्हणते. भातकुलीकडे त्यांचं गाव, काळ्या मातीचं शेत, आणि घर नि शेत यांच्या मधोमध एक नाला. पावसाळ्यात ती माती अशी की चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. म्हणून त्यांनी बैलजोडी विकल्यावर चारही चाकांनी ओढणारी एक जुनी पिकअप घेतली. बैल घरातून गेले, पण जवाईबुवांच्या तोंडातून गेले नाहीत. गाडीला ते 'जोडी' म्हणत. सकाळी चावी फिरवायच्या आधी जिभेनं टकटक करत, ब्रेक मारताना "होऽ होऽ" म्हणत. गाडीच्या तोंडासमोरून कुणी गेलेलं त्यांना खपत नसे. एकदा गॅसचं सिलेंडर पोचवणारा माणूस पुढून गेला, तर त्याला हाताला धरून मागून फिरवून आणला आणि वरून चहा पाजला. खिशात सदा नट, बोल्ट, वायसर. माझ्या पुतण्याच्या लग्नात ह्यांनी भक्तिभावानं अक्षता उधळल्या, आणि "सावधान" म्हणायच्या आत एक वायसर वरमाईच्या कपाळाला लागलं. तिथं अजून आमचं येणंजाणं नाही.

दुसरी खोड म्हणजे लोखंड वाजवून बघायचं. बोटाच्या पेरानं टक् करायचं आणि कान लावायचा. आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा जवाईबुवा भेटायला आले. आजाऱ्याची विचारपूस राहिली बाजूला, पलंगाचा पाय वाजवला आणि नर्सबाईला म्हणाले, "हे पलंग बदलून द्या. याच्यात जीव नाई राह्यला." ती बिचारी मला म्हणाली, "मावशी, ह्यांनाही दाखवायचं आहे का?" दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ह्यांना तपासणीला खाली नेलं होतं, तेवढ्यात तो पाय मोडला. पलंग रिकामा होता म्हणून बरं. तेव्हापासून जवाईबुवांनी काही वाजवलं की मी श्वास धरून उत्तराची वाट बघते.

आता मूळ गोष्ट. त्या गाडीत डाव्या बाजूची जागा धाकटीची. लग्नानंतर बंडीत बसायची तशीच ती गाडीत बसायची, मांडीवर डबा, हातात पदर. दोघं शेतात जाताना भांडत आणि येताना गप्प असत, आणि त्या गप्प बसण्याइतकं सुख मी दुसऱ्या कुठल्या संसारात पाहिलेलं नाही. मग एका आषाढात येताना नाल्यात पुढचं डावं चाक गुडघ्यात मोडल्यासारखं आत दुमडलं. गाडी धाकटीच्या बाजूनं कलली. पाणी तिच्या मांडीपर्यंत चढलं, दार उघडेना. ट्रॅक्टर येऊन टोचन लावून ओढेपर्यंत तीन तास ती तिथं बसून होती, डबा डोक्यावर धरून. बाहेर आली तेव्हा रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "या गाडीत मी आता मेल्यावरच बसीन. तेबी चौघांनी उचलून बसवलं तं."

चाक दुरुस्त झालं, पण शब्द पाळला तिनं. ती ऑटोनं जाई, मागून हे एकटे पिकअप घेऊन जात. डावी जागा रिकामी. तिथं तिची घडी केलेली चादर, आणि त्या चादरीवर दुसऱ्या कुणाला टेकू द्यायचं नाही. मी साठीच्या पुढची बाई, गुडघ्यांनी रडणारी, पण मलाही मागच्या डाल्यात पोत्यावर बसवलं त्यांनी. "ताई, राग नोका मानू. ते जागा भरलेली हाय." मी डोकावून पाहिलं. चादरच होती. पण 'भरलेली' असं ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मी मुकाट्यानं मागे चढले.

धाकटीनं पुन्हा शेजारी बसावं, एवढंच एक त्यांच्या डोक्यात राहिलं. दोन आठवडे ते गाडीखाली पडून विचार करत होते आणि एक दिवस मातीनं माखून बाहेर आले. "ताई, गाडीचा गुन्हा नाई. बांधणाऱ्याचा हाय." त्यांचं म्हणणं असं, की या गाडीची पुढची दोन चाकं एकमेकांना बांधलेलीच नव्हती. प्रत्येक चाक आपापल्या लोखंडी हातावर वेगळं खालीवर व्हायचं. शहरात आरामाचं असतं म्हणे ते. "पन दोन बैल दोन खुट्याले बांधून वखर चालते का? एक इकडं पाह्यते, एक तिकडं. मधात जू पायजे." म्हणजे काय, तर ते सगळं कापून काढायचं आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच एकसंध, जड अ‍ॅक्सल टाकायचा, जुन्या जीपगाड्यांना असतो तसा. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्यानं त्याला धरून ठेवायचं. धाकटी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी सोन्याचा टाका. मी नाई बसत."

अ‍ॅक्सल शोधायला अकोल्याला गेलो. मी सोबत, कारण माझी लेक तिथं दिलेली. भंगाराच्या आवारात जुन्या जीपांचे अ‍ॅक्सल एकावर एक रचलेले, हाडांच्या ढिगासारखे. जवाईबुवा एकेक वाजवत चालले. टक्. मेला. टक्. हाही मेला. आणि एकापाशी त्यांनी कान लावला तो काढेचनात. भर दुपारी त्या आवारातल्या चिमण्या गप्प झाल्यासारख्या मला वाटल्या. भंगारवाला तोंडातलं पान बाजूला सारून म्हणाला, "चाचा, वो मत लो. तीन बार बिका, तीनों बार वापस आया."

"कावून? वाकडा हाय का?"

"एकदम सीधा है. लेकिन एक तरफ खींचता है. उसको कहीं जाना है."

कुणीही शहाणा तिथून निघाला असता. जवाईबुवांचा चेहरा उजळला. "मंग बराबर हाय! ज्याले कुठं जायाचं हाय, त्यालेच पुढं जुपा लागते."

गंज घासला तेव्हा अ‍ॅक्सलच्या नळीवर लोखंडी पंचानं मारलेले पाच ठिपके निघाले. चार चौकोनात, पाचवा जरा दूर, पळून गेल्यासारखा. अकोल्याचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, कंपनीची खूण असेल. मी म्हटलं, कंपनीचा हात असा हलत नाही.

पंधरा दिवस काम चाललं. गॅसनं जुने हात कापले, चासीला नवे आधार वेल्डिंग केले, स्प्रिंगच्या पाट्यांवर अ‍ॅक्सल बसवला, स्टेअरिंगचा दांडा नव्यानं जोडला. एक दिवस तर दोघं म्हातारे खडूची खूण करून चाक हातानं फिरवत आणि आतला दांडा किती वेढे घेतो ते मोजत बसले होते. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यातले दात मागच्या गोळ्यातल्या दातांशी जुळले नाहीत तर चारही चाकं आपसात भांडतात म्हणे. मिस्त्री म्हणायचे सव्वाचार, जवाईबुवा म्हणायचे चारला थोडं वर, आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जुळले. मिस्त्रींनी दोरी लावून चाकं तपासली. दोरीच्या बाहेर केसभरही नाही.

परतताना मी डाल्यात, पोत्यावर. मूर्तिजापूर मागे पडलं. रस्ता सरळ, दोन्हीकडे तूर आणि कपाशी. एका फाट्यावर चिंचेचं झाड आहे, तिथून डावीकडे एक कच्ची वाट जाते. तिथं गाडी हळूच डावीकडे वळायला लागली. मी काचेवर थाप मारली. जवाईबुवांनी जोर लावून ती रस्त्यावर आणली, शंभर पावलं पुढे जाऊन थांबले आणि खाली उतरले. तोंडावर घाम. "ताई, मी नाई वळवली."

"दोरी नीट लावली नसेल मिस्त्रीनं."

तेही तेच म्हणाले. म्हणून आठ दिवसांनी गाडी पुन्हा अकोल्याला दाखवायला निघाले. जाताना तोच फाटा उजव्या हाताला येतो. गाडी उजवीकडे ओढायला लागली. आता बोला! डावीकडे ओढणारं चाक उजवीकडे कसं ओढेल? आणि त्या फाट्याशिवाय दुसरीकडे कुठेही, बडनेऱ्याच्या पुलावर नाही की भातकुलीच्या खड्ड्यांत नाही, सगळीकडे रेषेसारखी सरळ. मिस्त्रींनी दोन वेळा दोरी लावली, मग दोरी गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "काका, मले इचारू नोका."

धाकटीनं हे ऐकलं आणि हात जोडले. "पह्यले गाडीले भेत होती. आता गाडीत जो हाय त्यालेबी भेते मी." झालं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच आणखी दूर गेली. जवाईबुवांनी त्या दिवशी दोन घासांवर हात धुतला. त्यांना इतकं हरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. कोमट पाणी, हळद, तूप, पळसाची पानं. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्यांना माणूस हातानं माफी मागतो, आणि मग म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." बैल विकले तरी जवाईबुवा हे गाडीला करत. त्या वर्षी त्यांनी नव्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना हळद-तूप चोळलं, पळसाचं पान फिरवलं, आणि डोळे मिटले. धाकटी दारात, मी ओट्यावर.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," ते म्हणाले. तिथंच थांबायचं ना! पण ह्यांचं मन मोठं. "अन् तुमचं जे कोनी असन, त्यायलेबी घेऊन या."

माझ्या आईनं आम्हाला बजावून ठेवलेलं होतं. विकत घेतलेल्या बैलाच्या पहिल्या पोळ्याला फक्त बैलाला बोलवावं, त्याच्या मागच्या घराला बोलवू नये. मागचं घर कोणतं, कुठलं, आपल्याला काय ठाऊक! मी बोलणार तोच गाडीतून आवाज आला. टक्. आतून कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा. तापलेलं लोखंड थंड होताना वाजतं म्हणतात. पण गाडी त्या दिवशी सकाळपासून जागची हललेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणपोळ्या झाल्या होत्या, पानं वाढायची होती. अंगणात एक म्हातारी. लुगडं, हातात कापडी पिशवी, पाय धुळीनं पांढरे. दाराशी नाही, गाडीपाशी उभी, पुढच्या चाकावर हात ठेवून. धाकटी बाहेर गेली.

"कोन पायजे माय?"

"आवतन होतं."

"कोनाचं?"

म्हातारीनं हनुवटीनं चाकाकडे दाखवलं.

तुम्ही म्हणाल, मावशीनंच निरोप धाडला असेल. लेकीची आण, नाही. मी तर ओट्यावरूनच बघत होते. धाकटीनं मात्र तिच्या हातावर पाणी घातलं, आणि मनगटाच्या वर गोंदण दिसलं. पाच ठिपके. चार चौकोनात, पाचवा जरा दूर. धाकटीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. म्हातारी हसली. "गोंदून राह्यली होती तवा हा पोटात होता. लाथ मारली, अन् सुई सरकली. मोठा झाल्यावर मले म्हने, माय, तुही खूण माह्या गाडीवर पायजे."

तिचा एकुलता एक. फाट्यापासून गावापर्यंत सवारीची जीप चालवायचा. आजारानं गेला, जीप भंगारात गेली. काल सांजच्याला जीप दारात थांबल्यासारखा आवाज झाला, टक् असा, एवढंच ती म्हणाली. सकाळी फाट्यावर येऊन उभी राहिली, जी पहिली काळी-पिवळी थांबली तिच्यात बसली, मन म्हणालं तिथं उतरली, पुढच्या गाडीत बसली. जवाईबुवांनी विचारलं, "वाट कशी सापडली माय?"

"आवतन असलं का वाट दिसते."

भूतबीत नव्हती हो ती. चार पोळ्या खाल्ल्या तिनं, वर कढी वाटीभर, आणि धाकटीला ऐकवलं, "मीठ कमी हाय व बाई. सासूनं सांगतलं नाई का कधी?" भुतं अशी बोलत नाहीत. सासवा बोलतात.

जेवण झालं. उन्हं कलायला लागली. आवतणाच्या पाहुणीला एकटीनं परत पाठवत नाहीत, घरच्या बाईनं पोचवायला जायचं असतं. सणाचा दिवस, ऑटो एक नाही. अंगणात गाडी उभी. धाकटी त्या डाव्या दारासमोर किती वेळ उभी होती, देव जाणे. जवाईबुवा ओले हात धोतराला पुसत नुसते तिच्याकडे बघत राहिले. शेवटी आधीच चढून मधे सरकून बसलेली म्हातारीच म्हणाली, "बस व माय. माह्या पोरानं कधी कोनाले पाडलं नाई." धाकटीनं चादरीची घडी उचलली, मांडीवर घेतली, आणि बसली.

मी अर्थातच डाल्यात.

फाटा आला तेव्हा जवाईबुवांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. मी काचेतून डोळ्यांनी पाहिलंय. गाडी आपसूक चिंचेखालून वळली, कच्च्या वाटेनं गेली, दोन वळणं घेतली, आणि एका लहानशा घरासमोर थांबली. ब्रेकचा झटका नाही. बैल घर आल्यावर थांबतात तशी. म्हातारी उतरली, चाकावर हात फिरवला. "पोचला बाप्पा," म्हणाली. "आता तुमचा."

त्या दिवसापासून फाट्यावर गाडी कधी वळली नाही. आणि त्या दिवसापासून धाकटी डाव्या जागेवरून कधी उठली नाही. सहा पावसाळे त्या दोघांनी तो नाला ओलांडला, जाताना भांडत, येताना गप्प. म्हातारी दर पोळ्याला यायची, दर पोळ्याला मीठ कमी निघायचं. तीन वर्षांनी ती गेली. धाकटीनं तिच्या तेरवीला स्वतः पुरण वाटलं.

गेल्या माघात धाकटी गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. दवाखान्यातून तिला त्याच गाडीतून घरी आणलं. जवाईबुवा मला म्हणाले, "ताई, मेल्यावर बसीन म्हनत होती. सहा वर्षं आधीच बसली ना?" आणि हसले. ते हसणं मी विसरू शकत नाही.

तेरवीनंतर गाडी पुन्हा ओढायला लागली आहे. आता फाट्यावर नाही, सगळीकडे. आणि एकाच बाजूला, डाव्या. अकोल्याचे मिस्त्री एवढं वय झालं तरी येऊन दोरी लावून गेले. सरळ. पाट्यांखाली एक पट्टी घालून बघू म्हणाले, तर जवाईबुवांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या मिस्त्री. जड वाटत नाई मले." चादर तिथंच आहे, घडी घातलेली. मी परवा गेले होते, डाल्यात बसूनच गेले.

आणि काल त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ताई, पोळा आला. यंदा आवतन देऊ का नोको?"

"द्या की. कावून नाही द्यायचं?"

"देल्लं, अन् कोनी आलं तं?"

"मग वाढू आपण."

मग लहान आवाजात विचारलं त्यांनी, "अन् कोनीच नाई आलं तं?"

फोन ठेवला मी. लोखंडाच्या भाषेतलं मला काही कळत नाही. पण माणसं अजून माझ्या ओळखीची आहेत. म्हणून तुम्हाला इतकं जवळ बसवून घेतलं. या पोळ्याला या. बडनेऱ्याला उतरा, भातकुलीकडची गाडी धरा. पायाला काळी माती लागेल, लागू द्या. दुपारी पानं वाढायच्या वेळी पोचा, आणि दाराशी जाऊ नका, आधी गाडीपाशी उभ्या राहा, चाकावर हात ठेवून. ते बाहेर येतील. दुपारच्या उन्हात नीट दिसायचं नाही त्यांना, डोळ्यांवर हात धरून विचारतील, कोन हाय. बाकी काही सांगू नका. फक्त म्हणा, आवतण होतं.